जातानाचे सोबती

ऑगस्ट १८९५. फ्रान्झ जोसेफ लँडच्या कडेला, जिथं गोठलेला समुद्र संपून उघडं पाणी सुरू होतं, तिथं दोन नॉर्वेजियन माणसं थांबली होती. फ्रिट्यॉफ नान्सेन आणि यालमार योहान्सेन. मार्चमध्ये ‘फ्राम’ जहाज सोडून ते उत्तर ध्रुवाकडे निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर २८ कुत्रे होते. आता दोन उरले होते. नान्सेनचा कैफास आणि योहान्सेनचा सुग्गेन. इथून पुढं कयाकमधून, म्हणजे अरुंद होडक्यांतून, जायचं होतं. कयाकमध्ये कुत्र्यांना जागा नव्हती आणि मागं सोडलं तर ते उपाशी मरणार होते.

आधीचे सव्वीस एकेक करून मारले गेले होते, तेही बहुतेक सुरीनं, कारण काडतुसं जपून वापरायची होती. जो थकेल तो मारायचा आणि बाकीच्यांना खाऊ घालायचा. या दोघांच्या वाट्याला मात्र एकेक काडतूस आलं. तरीही आपला कुत्रा आपल्या हातानं मारणं दोघांनाही जमेना. मग त्यांनी कुत्र्यांची अदलाबदल केली. योहान्सेन कैफासला घेऊन एका उंचवट्याआड गेला, नान्सेन सुग्गेनला घेऊन दुसऱ्या. दोन बार झाले. नंतर दोघं कयाकमध्ये बसून निघाले.

ध्रुवीय मोहिमांबद्दल मी बरंच वाचत आलो आहे. त्यातल्या धाडसानं मी लहानपणी भारावून जायचो. आता वय वाढलं तसं लक्ष दुसरीकडे जातं. जहाजावर किती कुत्रे चढले, परत किती उतरले, हे आकडे मी आधी शोधतो. आणि शोधताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: या मोहिमांच्या आखणीत माणसांना जाण्याची वाट होती आणि येण्याची वाट होती. कुत्र्यांना फक्त जाण्याची होती. परतीच्या हिशोबात ते होते, पण जिवंत नव्हते. ते शिधा म्हणून होते.

हा हिशोब सगळ्यात स्वच्छ मांडला तो रोआल्ड अमुंडसेननं. तो नान्सेनचंच ‘फ्राम’ घेऊन १९१०च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेहून निघाला, तेव्हा जहाजावर ग्रीनलंडहून मागवलेले ९७ कुत्रे होते. जगाला सांगितलं होतं की मोहीम दक्षिण अमेरिकेला वळसा घालून उत्तरेला जाते आहे. मग इतके कुत्रे उष्ण कटिबंधातून, विषुववृत्त ओलांडून कशाला न्यायचे, वाटेत अलास्कात घेता आले असते की, असा प्रश्न लोकांना पडला होता. माडेरा बेटाजवळ त्यानं आपल्या माणसांना खरं सांगितलं: आपण दक्षिण ध्रुवावर जातोय.

‘फ्राम’ आज ऑस्लोच्या संग्रहालयात आहे आणि तिच्या डेकवर चढता येतं. मी चढलो आहे. जहाज ३९ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद. त्यातही डोलकाठ्या, दोरखंड, होड्या, चिमणी यांनी जागा अडवलेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला काहीच वेळ लागत नाही. अशा जागेत शंभराच्या आसपास कुत्रे पाच महिने राहिले. डेकवर फळ्यांचा दुसरा, उचलता येणारा तळ घातला होता, म्हणजे लाटांचं पाणी खालून वाहून जाईल आणि कुत्रे कोरडे राहतील. उन्हासाठी वर कापडी छत ताणलं होतं. प्रत्येक माणसाकडे दहाएक कुत्रे सोपवले होते. त्यांचं खाणंपिणं, साफसफाई, भांडणं सोडवणं, सगळं त्यानंच करायचं. वाटेत पिल्लं झाली. १९११च्या जानेवारीत ‘फ्राम’ अंटार्क्टिकाच्या बे ऑफ व्हेल्समध्ये पोचली तेव्हा कुत्र्यांची संख्या घटली नव्हती, वाढून ११६ झाली होती. समुद्रप्रवासात जनावरं हकनाक मरतात असा त्या काळचा सर्रास अनुभव. अमुंडसेननं ते होऊ दिलं नाही. कुत्र्यांची इतकी निगा त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याच मोहिमेनं राखली नसेल.

आणि याच माणसानं, निघण्याआधीच, कुठला टप्पा आला की किती कुत्रे मारायचे याचं गणित मांडून ठेवलं होतं. एका कुत्र्यापासून किती किलो मांस मिळतं, ते किती दिवस पुरतं, तेवढं ओझं गाडीवरून कमी झालं की किती कुत्रे कमी लागतात. गाडी हलकी होत जाईल तसे ओढणारेही कमी लागतील, आणि जे लागणार नाहीत ते उरलेल्यांच्या आणि माणसांच्या पोटात जातील.

१९ ऑक्टोबर १९११ला पाच माणसं, चार गाड्या आणि ५२ कुत्रे निघाले. रॉस आइस शेल्फ हे समुद्रावर तरंगणारं बर्फाचं मैदान ओलांडून अ‍ॅक्सल हायबर्ग हिमनदीच्या पायथ्याशी आले. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर चढायचं होतं, भेगांनी चिरलेल्या बर्फावरून, भरलेल्या गाड्या ओढत. कुत्र्यांनी हे चार दिवसांत केलं. २१ नोव्हेंबरला ते वर पठारावर पोचले. हा चढ ध्रुवीय इतिहासातला कुत्र्यांचा सगळ्यात मोठा पराक्रम असेल असं मला वाटतं. त्याच संध्याकाळी, ठरल्याप्रमाणे, त्यातल्या २४ कुत्र्यांना गोळ्या घातल्या गेल्या. ज्याचे कुत्रे, त्यानंच मारायचे, असं ठरलं होतं.

त्या वेळी अमुंडसेन तंबूत होता. त्यानं पुढं लिहिलं की तो प्रायमस स्टोव्ह नेहमीपेक्षा जोरात पंप करत बसला होता, त्या आवाजात बाहेरचे बार ऐकू येऊ नयेत म्हणून. पितळी टाकीचा तो पंप दाबताना येणारा आवाज आणि बर्नरची घरघर आमच्या पिढीला चांगली माहीत आहे. घरातली दोन माणसं बोलत असतील तर एकमेकांचं ऐकू येत नाही इतकी ती असते. पण चोवीस बार त्यानं बुडतील असं वाटत नाही. ज्यानं गणित मांडलं त्यालाच कान झाकावेसे वाटले, हे त्यानं लपवलं नाही. मला अमुंडसेनचा सगळ्यात जास्त राग याच ठिकाणी येतो आणि सगळ्यात जास्त आदरही याच ठिकाणी वाटतो.

त्या जागेला त्यांनी खाटीकखाना म्हटलं. नंतर वादळामुळे काही दिवस तिथंच अडकले. पहिल्या संध्याकाळी बऱ्याच कुत्र्यांनी आपल्या सोबत्यांच्या मांसाला तोंड लावलं नाही. नंतर लावलं. माणसांनीही खाल्लं, आणि ते ताजं मांस त्यांना ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या स्कर्व्हीपासून वाचवणाऱ्या गोष्टींपैकी एक होतं. १४ डिसेंबर १९११ला पाच नॉर्वेजियन दक्षिण ध्रुवावर पोचले. तिथं त्यांनी झेंडा रोवला आणि हेल्मर हान्सेनच्या हेल्गेला मारलं; हा एके काळचा उत्तम कुत्रा आता थकला होता. परतीच्या वाटेवर, १९ डिसेंबरला, अमुंडसेनचा स्वतःचा लाडका लासे गेला. त्याचे होता होईल तितके सारखे पंधरा वाटे करून त्याच्या सोबत्यांना दिले गेले. पंधरा वाटे, म्हणजे मागं पंधराच उरले होते. २५ जानेवारी १९१२ला ते तळावर आले तेव्हा ११ कुत्रे होते.

तळावरून आधी साठे करायला गेलेल्या फेरीतला एक कुत्रा मला विसरता येत नाही. त्याचं नाव थोर. तो सारखा कण्हायचा, विव्हळायचा. त्याला काय होतंय हे कुणालाच कळलं नाही आणि तो गाडी ओढत राहिला. शेवटी त्याला मारलं, तेव्हा त्याच्या छातीत मोठं गळू सापडलं. त्या फेरीतल्या कुत्र्यांची आठवण अमुंडसेनला पुढं बोचत राहिली. त्यांच्याकडून आपण झेपेल त्याहून जास्त मागितलं, असं त्यानं कबूल केलं.

आता रॉबर्ट स्कॉट, त्याच वेळी दक्षिण ध्रुवाकडे निघालेला ब्रिटिश. आपल्याकडे शाळेत स्कॉटची गोष्ट शिकवली जायची ती हरलेल्या पण थोर माणसाची, आणि त्या गोष्टीत अमुंडसेन कुत्रे मारणारा म्हणून थोडा खाली उतरायचा. मला हे मान्य नाही. स्कॉटचं कुत्र्यांवर प्रेम नव्हतं असं मुळीच नाही. उलट अडचण तिथंच होती.

१९०२-०३च्या पहिल्या मोहिमेत स्कॉट आणि त्याचे सोबती विल्सन आणि शॅकल्टन १९ कुत्रे घेऊन दक्षिणेला गेले. कुत्र्यांसाठी नॉर्वेहून आणलेली सुकी मासळी उष्ण कटिबंधातून येताना खराब झाली होती. कुत्रे एकापाठोपाठ एक ढासळले. थकलेल्यांना मारून बाकीच्यांना घालायची वेळ आली. ते काम विल्सन करायचा, नंतर शॅकल्टननंही केलं. स्कॉटच्यानं ते होईना. दुसऱ्यांवर हे टाकणं हा आपला भेकडपणा होता आणि त्याची आपल्याला लाज वाटते, असं त्यानं पुढं लिहिलं. एकोणीसपैकी एकही परत आला नाही. या अनुभवातून त्याच्या मनात पक्कं बसलं की कुत्र्यांना हाकत मिळवलेल्या यशापेक्षा माणसांनी स्वतःच्या बळावर ओझं ओढत केलेला प्रवास अधिक उदात्त असतो.

पण उदात्तपणाची किंमत कुणीतरी मोजतंच. पुढच्या मोहिमेसाठी १९१०मध्ये स्कॉटनं सायबेरियातून ३३ कुत्रे घेतले तसे १९ तट्टूही घेतले. तट्टू बर्फात पोटापर्यंत रुतायचे, घामानं भिजायचे आणि मग वाऱ्यात गारठायचे. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि थांबला की शेपूट नाकावर घेऊन बर्फात मुटकुळं करून झोपतो. तट्टाला हे कसं जमणार? ९ डिसेंबर १९११ला, बियर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी, उरलेल्या पाच तट्टांना गोळ्या घातल्या गेल्या आणि त्यांचंही मांस खाल्लं गेलं. त्या छावणीलाही त्यांनी कत्तलखानाच म्हटलं. कुत्रे तिथून थोडं पुढं जाऊन मागं वळले. वरच्या पठारावर माणसांनीच गाड्या ओढल्या, आणि ओढता ओढता पाचही माणसं संपली.

आणि तरी स्कॉटचं एक चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. १९११चा फेब्रुवारी. स्कॉट आणि सेसिल मीअर्स तेरा कुत्र्यांच्या गाडीबरोबर तळाकडे परतत होते. कुत्रे जोडीजोडीनं मधल्या एका दोराला बांधलेले, सगळ्यांत पुढं ओस्मान. हा ओस्मान डिसेंबरच्या वादळात लाटेनं जहाजावरून समुद्रात फेकला गेला होता आणि दुसऱ्या लाटेनं परत डेकवर आणून टाकला होता. अचानक मधले कुत्रे दिसेनासे झाले. ते एका झाकलेल्या भेगेवरून चालत होते आणि भेगेवरचा बर्फ खचला होता. गाडी अलीकडच्या कडेवर थबकली. पलीकडच्या कडेवर एकटा ओस्मान चारही पाय रोवून उभा, आणि दोघांच्या मध्ये, अंधारात, कुत्रे जोडीजोडीनं लोंबकळत ओरडत होते. ओस्मानच्या गळ्यातला दोर त्याचा श्वास कोंडत होता. माणसांनी गाडी बांधून घेतली, ओस्मानला मोकळं केलं, दोर फिरवून एकेक जोडी वर ओढली. अकरा वर आले. दोघे पट्ट्यातून निसटून खाली वीसेक मीटरवरच्या बर्फाच्या कपारीवर पडले होते. स्कॉटनं स्वतःला दोरानं बांधून खाली सोडायला सांगितलं. मोहिमेचा नेता, नौदलाचा कॅप्टन, दोन कुत्र्यांसाठी त्या निळ्या अंधारात उतरला. ते दोघे त्याला पाहून खूष झाले. त्यांना वर पाठवून मग तो वर आला.

हे करणारा माणूस थोर नाही असं मी कसं म्हणू? पण एक गोष्ट मनात सलत राहते. पुढच्या मार्चमध्ये स्कॉटच्याच मोहिमेतले चेरी-गॅरार्ड आणि दिमित्री गेरोव हे दोघं कुत्र्यांच्या गाड्या घेऊन वाटेवरच्या वन टन डेपो या साठ्यावर स्कॉटची वाट पाहत सहा दिवस थांबले. कुत्र्यांचं खाणं कमी होतं. आणखी दक्षिणेला जायचं तर काही कुत्रे मारून बाकीच्यांना घालावे लागले असते, आणि कुत्रे धोक्यात घालायचे नाहीत अशा सूचना होत्या. ते परत फिरले. स्कॉट आणि शेवटचे दोघं त्याच डेपोपासून १८ किलोमीटरवर तंबूत मेले. एका मोहिमेत कुत्रे मारून माणसं वाचली, दुसरीत कुत्रे जपले आणि माणसं गेली. यातून सोपा निष्कर्ष काढणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. कुणीही जिंकण्याआधी किंवा हरण्याआधी, दोन्ही मोहिमांनी जनावरांना अशा जागी नेलं होतं जिथून त्यांची सुटका माणसाच्या मर्जीवर होती.

ऑस्ट्रेलियन डग्लस मॉसनच्या अंटार्क्टिक मोहिमेत तर हे नातं शेवटच्या टोकाला गेलं. बेलग्रेव्ह निनिस हा इंग्रज लष्करी अधिकारी आणि झेवियर मेर्ट्झ हा स्विस स्कीपटू. लंडनपासून ग्रीनलंडचे कुत्रे सांभाळायचं काम या दोघांकडे होतं. जहाजावर, मग केप डेनिसनच्या तळावर, वर्षभराहून जास्त काळ त्यांनी कुत्रे वाढवले, त्यांच्या खोड्या सोसल्या, त्यांची पिल्लं सांभाळली. एका कुत्रीचं नाव होतं पावलोव्हा, लंडनला जहाजावर आलेल्या नर्तकी अ‍ॅना पावलोव्हाच्या नावावरून.

१४ डिसेंबर १९१२, अमुंडसेन ध्रुवावर पोचल्याला बरोबर एक वर्ष. मॉसन, मेर्ट्झ आणि निनिस तळापासून सुमारे ५०० किलोमीटर आत होते. मेर्ट्झ पुढं, मॉसन मध्ये, निनिस मागच्या गाडीबरोबर. मागची गाडी सगळ्यात भरलेली, आणि तिला सगळ्यात दणकट सहा कुत्रे, कारण भेग फुटलीच तर पुढच्या गाडीखाली फुटेल असा अंदाज होता. मॉसननं मागं वळून पाहिलं तेव्हा मागं काहीच नव्हतं. बर्फात एक भगदाड होतं. काठावर पालथं पडून आत पाहिलं तर खूप खाली एका कपारीवर एक कुत्रा दिसत होता, पाठ मोडलेला, विव्हळणारा. निनिसचा आवाज नव्हता. ते तासन् तास हाका मारत राहिले. दोर तिथपर्यंत पोचत नव्हता. थोड्या वेळानं कुत्र्याचाही आवाज थांबला.

निनिसबरोबर तंबू आणि बहुतेक सगळं खाणं गेलं. कुत्र्यांचं खाणं तर पूर्ण गेलं. वर उरले सहा कुत्रे: जॉर्ज, जॉन्सन, मेरी, हॅल्डेन, पावलोव्हा, जिंजर. हे सहाही आधीच थकलेले, म्हणून तर हलक्या गाडीला जुंपलेले. पहिल्या रात्री त्यांना जुने हातमोजे आणि चामड्याचे पट्टे खायला टाकले. मग जॉर्ज. त्याचा थोडा भाग माणसांनी घेतला, बाकीचा कुत्र्यांना. मग एकेक करून पुढचे. मांस चिवट, तंतू तंतू झालेलं, चरबीचा मागमूस नाही. मऊ लागायची ती कलेजी, म्हणून ती दोघं मुद्दाम खायचे. मेर्ट्झचं पोट बिघडलेलं, म्हणून चिवट मांसापेक्षा कलेजी त्याच्या वाट्याला जास्त आली असावी. शेवटी २८ डिसेंबरला जिंजर गेली. तीच एकटी शेवटपर्यंत गाडीला खांदा देत होती. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं उकळून दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं.

त्यानंतर दोघांच्या अंगाची कातडी सुटायला लागली. केस गळू लागले. मेर्ट्झला चालवेना, मग त्याला झटके येऊ लागले, मग भ्रम झाला. ८ जानेवारी १९१३ला तो गेला. याचं कारण बऱ्याच वर्षांनी, १९६९मध्ये, दोन ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी सुचवलं: ग्रीनलंडच्या कुत्र्याच्या यकृतात जीवनसत्त्व ‘अ’ इतकं साठलेलं असतं की ते माणसाला विषासारखं बाधतं. ध्रुवीय अस्वलाची कलेजी उत्तरेच्या बर्फाळ भागातले मूळ रहिवासी, इनुइट लोक, खात नाहीत ते याच कारणानं. सगळ्यांना हे स्पष्टीकरण पटलेलं नाही. उपासमार आणि थंडी हीच कारणं पुरेशी आहेत असंही म्हटलं जातं. पण मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नामदेवांची गोष्ट आठवली. कुत्र्यानं भाकरी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. लहानपणी आजीनं सांगितलेल्या या गोष्टीत मला नेहमी नामदेवांचा मोठेपणा दिसायचा. मेर्ट्झबद्दल वाचल्यावर मला कुत्र्याच्या बाजूनं विचार करावासा वाटला. ज्यानं आपल्याला वर्षभर खाऊ घातलं, त्याच्या ताटात आपण जावं, हे त्या जिंजरला काय समजलं असेल? तिनं फक्त ओढलं, जोवर ओढता आलं तोवर.

मॉसन एकटा उरला. पायाचे तळवे कातडीसकट सुटले, ते त्यानं परत पायाला बांधले आणि चालत राहिला. ८ फेब्रुवारीला तो तळावर पोचला, आणि त्याचं जहाज काही तासांपूर्वीच निघून गेलं होतं. त्याच्यासाठी सहा माणसं मागं थांबली होती. आणि कुत्रेही होते. अमुंडसेननं आदल्या वर्षी होबार्टला उतरल्यावर आपले २१ कुत्रे मॉसनच्या मोहिमेला भेट दिले होते, त्यातले काही ते जहाज तिथं उतरवून गेलं होतं. आपल्या सहाही कुत्र्यांना खाऊन कसाबसा जिवंत आलेल्या माणसाचं स्वागत ध्रुवाच्या मोहिमेतून उरलेल्या कुत्र्यांनी केलं.

शॅकल्टनबद्दल मी थोडंच लिहिणार आहे, कारण त्याची गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. त्याचं जहाज ‘एन्ड्युरन्स’ अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलं, चिरडलं, बुडालं, आणि तरी जहाजावरची २८ माणसं जिवंत परतली. ‘एकही जीव गमावला नाही’ असं हल्ली व्यवस्थापनाच्या व्याख्यानांतून सांगतात. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे की त्यांनी मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्लीनं काढलेला टॉम क्रीनचा फोटो नीट पाहावा. धिप्पाड आयरिश खलाशी, तोंडात पाइप, आणि दोन्ही हातांच्या कवेत चार पिल्लं. रॉजर, टोबी, नेल आणि नेल्सन. क्रीन त्यांच्याकडे पाहत नाही, कॅमेऱ्याकडे पाहतोय, पण हात असे आहेत की एकही पिल्लू घसरणार नाही. त्या हिवाळ्यात बर्फावर कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यतही झाली होती, चॉकलेट आणि सिगारेटी पैजेवर लावून. ऑक्टोबर १९१५च्या अखेरीस जहाज सोडावं लागलं तेव्हा सगळ्यात आधी मारलं गेलं ते ही पिल्लं आणि सुताराची मांजर. मोठे कुत्रे काही महिन्यांनी, फ्रँक वाइल्डच्या हातून. वाइल्डला कितीतरी माणसं अशी माहीत होती की त्यांना गोळी घालणं त्याला यापेक्षा सोपं गेलं असतं, असं त्यानं म्हटलं. २०२२च्या मार्चमध्ये समुद्राखाली तीन हजार मीटरवर ‘एन्ड्युरन्स’ सापडलं, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. त्यात कुत्र्यांचा उल्लेख मला फारसा दिसला नाही.

मग कुत्रा आणि बर्फ यांचं नातं असंच असतं का? नाही, आणि हे मला आग्रहानं सांगायचं आहे. सैबेरियाच्या उत्तरेला झोखोव्ह बेटावर सापडलेल्या ९५०० वर्षांपूर्वीच्या कुत्र्याच्या जनुकांचा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. तो कुत्रा आजच्या ग्रीनलंडच्या कुत्र्यांच्या जवळचा निघाला. म्हणजे शेतीसुद्धा जगात सगळीकडे पोचलेली नव्हती, तेव्हापासून हे कुत्रे माणसाबरोबर बर्फावर आहेत. इनुइट कुत्रा फक्त गाडी ओढत नाही. तो बर्फाखालच्या सीलचं श्वास घ्यायचं भोक वासावर शोधतो, अस्वलाला घेरून धरतो, हिमवादळात वाट दिसेनाशी झाली की घर शोधतो. त्याचे लाड होत नाहीत. तो घरात झोपत नाही. म्हातारा झाला तर त्याला मारतात, दुष्काळात त्याला खाल्लंही गेलं आहे. पण इनुइट माणसाला तो कुत्रा पुढच्या हिवाळ्यात हवा असतो, आणि त्याच्या पुढच्याही. त्याची पिल्लं हवी असतात. त्याला परत आणल्याशिवाय त्या माणसाचं स्वतःचंच चालत नाही. कडक वागणूक दोन्हीकडे होती. फरक परतीचा होता. युरोपीय आणि अमेरिकन शोधकांनी इनुइटांकडून कुत्रे घेतले, पट्टे घेतले, गाड्या हाकायचं तंत्र घेतलं, कातडी कपडे घेतले. परत येण्याची ही अट तेवढी घेतली नाही.

अमेरिकन रॉबर्ट पिअरीनं १९०९मध्ये उत्तर ध्रुवासाठी १३३ कुत्रे बर्फावर उतरवले. प्रत्येक कुत्रा कुठल्या तरी इनुइट घरातून आला होता, आणि त्या घराची शिकार त्याच्यावर चालत होती.

अंटार्क्टिकात मात्र कुत्रे पुढंही राहिले. ब्रिटिशांनी १९४५पासून जवळजवळ पन्नास वर्षं तिथं कुत्रे ठेवले. ही पिढी सुखी होती असं त्यांना हाकणारी माणसं सांगतात. ते सर्वेक्षणाला जायचे आणि परत यायचे. १९९१मध्ये माद्रिदला अंटार्क्टिक कराराला पर्यावरणविषयक पूरक करार जोडला गेला आणि १ एप्रिल १९९४पर्यंत सगळे कुत्रे खंडाबाहेर काढायचे ठरलं. कुत्र्यांचे रोग सीलना होतील ही भीती होती, आणि कुत्र्यांना खाऊ घालायला सील मारावे लागायचे हेही होतंच. गोव्याहून १९८१च्या डिसेंबरमध्ये निघालेली भारताची पहिली मोहीम यंत्रांच्या जमान्यातली. आपल्याला अंटार्क्टिकात कुत्रे न्यावे लागले नाहीत आणि मारावेही लागले नाहीत. वास्कोतल्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून आज ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या आपल्या अंटार्क्टिकातल्या तळांचं काम चालतं. त्या कामाचा मला अभिमान आहे, आणि त्यात हेही एक कारण आहे.

ब्रिटिशांचे शेवटचे कुत्रे १९९४च्या फेब्रुवारीत रोथेरा तळावरून निघाले. त्यांना कॅनडात, क्वेबेकच्या उत्तर भागात, हडसन उपसागराच्या काठच्या इनुकजुआक गावी नेलं. विमानानं, गाडीनं, आणि शेवटचा टप्पा त्यांनी स्वतः ओढत काठाकाठानं केला. ज्यांच्याकडून हे कुत्रे मुळात घेतले गेले, त्या इनुइटांकडे ते परत गेले.

नेमकं त्याच भागात, नुनाविकमध्ये, १९५० आणि ६०च्या दशकांत सरकारी अधिकाऱ्यांनी आणि पोलिसांनी इनुइटांचे कुत्रे मोठ्या प्रमाणावर गोळ्या घालून मारले होते. कारणं सुरक्षेची, रोगांची दिली गेली. कुत्रे गेले तशी शिकार गेली, आणि माणसं वस्तीतच अडकून पडली. क्वेबेक सरकारनं २०११मध्ये आपला दोष मान्य केला. कॅनडाच्या केंद्र सरकारनं २०२४च्या नोव्हेंबरमध्ये माफी मागितली आणि साडेचार कोटी डॉलर देऊ केले. त्यात कुत्र्यांच्या गाड्या पुन्हा उभ्या करायला मदत हाही एक भाग आहे. इतक्या वर्षांनी का होईना, कुत्रा मेला म्हणजे माणसाचं काय गेलं याचा हिशोब एका सरकारनं कागदावर मांडला.

नुनाविकमध्ये २००१पासून इवाक्काक नावाची शर्यत होते. त्यात फक्त अस्सल इनुइट कुत्रे धावू शकतात. गाड्या एका गावातून दुसऱ्या गावात जातात, मध्ये उघड्या बर्फावर मुक्काम करतात, आणि प्रत्येक गावात लोक कुत्रे पाहायला बाहेर येतात. मला दोन्ही ध्रुवांपैकी एकही पाहायची इच्छा नाही. ही शर्यत मात्र एकदा पाहायची आहे, आणि शेवटच्या गावात, गाड्या आत येतात तिथं उभं राहून पाहायची आहे.